नाशिकमधले नैसर्गिक उपचार : अण्णांच्या गुडघ्यांसाठी भरवशाच्या जागा सांगा

गोदाकाठ

मंडळी, बरीच वर्षं पुण्यात काढून गेल्या दिवाळीत आम्ही नाशिकरोडला आई-अण्णांजवळ राहायला आलो. अण्णा ७१ वर्षांचे. प्रेसमधून निवृत्त झाले, सगळी नोकरी मशीनपुढे उभं राहून केली. आता दोन्ही गुडघे दुखतात. एक्स-रे काढला, हाडांच्या डॉक्टरांनी झीज सांगितली, उजवीकडे जास्त. शस्त्रक्रियेची घाई नको, आधी वजन उतरवा आणि मांडीचे व्यायाम करा, असं ते म्हणाले. बीपीची गोळी दहा वर्षांपासून चालू आहे. साखर काठावर आहे. आईचे गुडघे धड आहेत, पण तिला झोप नाही. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसतो.

घरी येणारा प्रत्येक जण एक उपाय सांगून जातो. कुणी पंचकर्म म्हणतं, कुणी मातीचे लेप, कुणी घाण्याचं तेल, कुणी नागली (नाचणी). अण्णांचा या सगळ्यावर विश्वास आहे आणि माझाही आहे. माझी आजी सुंठ आणि एरंडेलावर अख्खं घर सांभाळायची. पण आजीला वैद्यबुवा ठाऊक होते, तेली ठाऊक होता. मला आज या गावात कोणीच ठाऊक नाही. गेल्या महिन्यात एका केंद्रात गेलो. अण्णांची नाडी बघायच्या आधीच एकवीस दिवसांचं पॅकेज पुढे ठेवलं आणि बीपीची गोळी आजपासून बंद करा म्हणाले. आम्ही चपला घालून परत आलो.

म्हणून इथे विचारते. स्वतः केलेलं, स्वतः बघितलेलं सांगा. कुठे जायचं आणि जायच्या आधी काय विचारायचं?

पंचवटीकर

ताई, उठून आलात ते योग्य केलंत.

आमच्या पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचं महाविद्यालय आहे, त्याला जोडून रुग्णालय आहे. हिच्या कंबरेसाठी आम्ही तिथेच गेलो होतो. शिकवायची जागा असल्यामुळे तपासणी निवांत होते. आधी विद्यार्थी सगळा इतिहास लिहून घेतात, काय खाता, पोट कसं आहे, झोप कशी आहे, मग मोठे वैद्य बघतात. वेळ हाताशी ठेवून जा. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नुसतं तोंडी सांगू नका. बुधवारी गेलात तर नदीकाठी बाजार भरलेला असतो, येताना भाजी घेऊन या.

निर्गुडी

मी स्वतः वैद्य आहे, बीएएमएस, गावातच प्रॅक्टिस आहे. माझ्या दवाखान्याचं नाव इथे देणार नाही, पण विचारलंय ते सविस्तर लिहिते.

तेल लावून चोळणं आणि वाफ देणं म्हणजे पंचकर्म नव्हे. ते स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे पूर्वकर्म. कर्मं पाच : वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (गुदमार्गाने औषधी तेल किंवा काढा देणं), नस्य (नाकात औषध घालणं), रक्तमोक्षण (थोडं रक्त काढणं). त्यांना ऋतू असतात. वमन वसंतात, विरेचन शरदात, आणि बस्ती पावसाळ्यात, कारण त्या दिवसांत वात वाढतो. सांध्यांचं दुखणं वाताचं, म्हणून तुमच्या अण्णांसाठी ज्येष्ठ-आषाढ सरताना बस्तीचा विचार करणं बरोबर आहे. आठ बस्तींचा क्रम असतो, त्याला योगबस्ती म्हणतात. जोडीला जानुबस्ती करतात. उडदाच्या पिठाचं पाळं गुडघ्यावर बसवायचं आणि त्यात कोमट औषधी तेल अर्धा-पाऊण तास धरायचं. याने आखडलेपणा सुटतो, ठणका कमी होतो.

आता जे होत नाही तेही सांगते. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, परत उगवत नाही. 'गादी भरून देतो' असं कोणी म्हणालं तर त्या जागी थांबू नका. दुखणं कमी व्हावं, चालणं सुधारावं आणि शस्त्रक्रिया लांबावी, एवढ्यासाठीच हे करायचं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेले मांडीचे व्यायाम मीही माझ्या रुग्णांना सांगते. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. हे कुठल्याही तेलाने साधत नाही.

विचारायचे प्रश्न दोन-तीनच आहेत. पदवी कोणती आणि राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता? बस्ती कोण देणार, वैद्य की नुसता मदतनीस? काही त्रास झाला तर रात्री फोन कोणाला करायचा? आणि पंचकर्मानंतरच्या पथ्याबद्दल ते आपणहून बोलतात का, हे बघा. शोधनानंतर, म्हणजे शरीर आतून साफ केल्यावर, पेज, मग घट्ट भात, मग मुगाचं कढण असं पायरीपायरीने जेवणावर यायचं असतं, त्याला संसर्जनक्रम म्हणतात. ज्याने तो सांगितला नाही, त्याने काम अर्धं टाकलं असं समजा.

बीपीची गोळी बंद करायची नाही. कमी करायची वेळ आली तर ज्या डॉक्टरांनी ती चालू केली, तेच कमी करतील.

गोदाकाठ

निर्गुडीताई, मनापासून आभार. एक राहिलंच. कोविडपासून अण्णा रोज सकाळी काढा घेतात. गुळवेल, ज्येष्ठमध, दालचिनी, सुंठ. रोज, एकही दिवस न चुकता. चालू ठेवू का?

निर्गुडी

ज्येष्ठमध आजच थांबवा. रोज आणि बरेच महिने घेतलं तर ते बीपी वाढवतं, शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. बीपीच्या माणसाला ते रोज द्यायचं नसतं. घसा बसला तर चार दिवस, एवढंच.

गुळवेलीबद्दलही सांगते, कारण मला ती वनस्पती प्रिय आहे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं होतं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी. त्या वादाचा निकाल मी इथे लावत नाही. माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे : औषध हे औषधासारखं घ्यायचं, ठरावीक दिवस, ओळखीची वनस्पती, कोणाच्या तरी देखरेखीखाली. वर्षानुवर्षं अखंड काढा आमच्या कुठल्याच ग्रंथाने सांगितलेला नाही. अण्णांची यकृताची तपासणी एकदा करून घ्या.

सिडकोवासी

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझ्या मावशीचे हात-पाय सुजायचे, बोटं वाकायची नाहीत. एका जत्रेत कोणाकडून तरी तिने चूर्णाच्या पुड्या आणल्या. कागदाच्या साध्या पुड्या, वर नाव नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः भाकऱ्या थापायला बसली. आम्हाला देव भेटल्यासारखं झालं. आम्ही आणखी दोघांना ते चूर्ण मागवून दिलं, ते मला आजही खुपतं.

तीन-चार महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, दंडावर निळे डाग यायला लागले, साखर वाढली. आम्ही घाबरून पुड्या एकदम बंद केल्या, आणि आठवड्याभरात ती उलट्या होऊन पडली. बीपी खाली गेलं. अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून सांगितलं की या चूर्णात स्टिरॉइड मिसळलेलं असणार. रोज बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणून ते एकाएकी तोडलं तर जीवावर बेततं. मग त्यांनी मोजून मापून, हळूहळू कमी केलं. मावशी वाचली.

तेव्हा दोनच गोष्टी लक्षात ठेवा. जुनं दुखणं दोन दिवसांत गेलं तर आनंद करण्याआधी शंका घ्या. आणि अशी पुडी कोणी बराच काळ घेत असेल तर घरच्या घरी बंद करू नका, पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा.

केमिस्टकाका

सिडकोवासी, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा आहे. आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असावीच लागते. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आयुर्वेदिक औषधांनाही लागू आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब कायमचा बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. भिंतीवर तसं रंगवलेलं दिसलं की तिथे आत जायची गरज नाही.

सुटी काष्ठौषधी (वाळकी मुळं, फळं, पाला) घ्यायची असेल तर रविवार कारंजा, भद्रकाली या जुन्या बाजारात पिढीजात दुकानं आहेत. अख्खी घ्या, पूड घेऊ नका. सुंठ अख्खी, हिरडा अख्खा, निर्गुडीचा पालाही ओळखता येईल असा. पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही, अख्ख्या हिरड्यात फसवणूक अवघड असते. भस्मं आणि रसौषधी मात्र वैद्याच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नका, त्यात पारा आणि धातू असतात.

घाण्याची लाट

माझा लाकडी घाणा आहे, सातपूरच्या बाजूला. हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी जाहिरात समजणार नाही. पत्ता देत नाही.

तेल कुठूनही घ्या, पण घाणा चालू असताना जाऊन बघा. लाकडी घाणा सावकाश फिरतो, तेल फारसं तापत नाही, वास टिकतो. तेल काढल्यावर काही दिवस स्थिर ठेवून गाळ खाली बसू द्यावा लागतो.

भेसळ ओळखायची सोपी रीत म्हणजे हिशोब. एक लिटर शेंगदाणा तेलाला अडीच ते तीन किलो दाणे लागतात. बाजारात दाण्याचा भाव विचारा आणि गुणाकार करा. पेंड विकून आम्हाला थोडे पैसे परत मिळतात, ते वजा करा, मजुरी आणि वीज धरा. यापेक्षा बरंच स्वस्त घाण्याचं तेल कोणी देत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे. आमच्याकडे येऊन लोक म्हणतात, तुमचं महाग, पलीकडे स्वस्त मिळतं. मी त्यांना दाण्यांचं पोतं आणि त्याची पावती दाखवतो.

अण्णांच्या अंगाला लावायला तिळाचं तेल न्या. खायला शेंगदाणा किंवा करडई. पण वजन उतरवायचंय ना? मग घाण्याचं तेलही तेलच आहे, मोजून वापरा. 'शुद्ध आहे म्हणून कितीही' असं माझी गिऱ्हाइकं करतात, तेव्हा मला बरं वाटत नाही, जरी माझा धंदा वाढत असला तरी.

डोंगरदेव

मी पेठ तालुक्यातला, शाळेत शिकवतो. नागलीचा विषय निघालाय तर बोलायला हवं.

शहरात नागली म्हणजे बिस्किटं आणि सुंदर पिशव्या. आमच्याकडे नागली म्हणजे उन्हाळ्यात राब भाजणं (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं), पाऊस पडल्यावर रोपं करणं, चिखलात वाकून उतारावर लावणं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी, इथल्या डोंगरउतारावर दुसरं फार काही होत नाही, नागली आणि वरई होते. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, शहरात मागणी वाढली, भाव चढला. पण तो चढलेला भाव माझ्या गावातल्या बाईपर्यंत किती आला, हा प्रश्न मी तुम्हा सगळ्यांना विचारतो. शक्य असेल तर बचतगटाकडून घ्या, थेट शेतकऱ्याकडून घ्या. आमच्याकडची माणसं बाजाराला नाशिकला येतातच.

शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. म्हाताऱ्या हाडांना चांगलं. मात्र साखर काठावर आहे म्हणालात, तर भाकरी खाऊ द्या. पातळ आंबील रोज मोठा पेला भरून नको, पीठ शिजून पातळ झालं की साखर लवकर वाढवतं. आणि भाकरी ही गव्हाच्या पोळीच्या जागी, पोळीवर आणखी एक म्हणून नाही.

आता पाऊस सुरू झालाय, रानभाज्यांचे दिवस आले. शेवळं येऊन जातील, मग फोडशी, कवळा, करटुली, श्रावणात चाईचा मोहर. शेवळं मिळाली तर विकणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय शिजवू नका. सोबत काकडं (आंबट रानफळं) नाहीतर चिंच घालावी लागते, नाहीतर घसा खाजून हैराण व्हाल. विकणारी सांगते, तिला सांगायला आवडतं. ती भाजी कुठे उगवते, कधी खुडायची, पोटाला काय करते, सगळं तिला येतं. शहरातल्या लोकांनी तिच्याशी भाव करण्याऐवजी दोन मिनिटं बोलावं असं मला फार वाटतं.

काळी माती

निसर्गोपचाराबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी तो उभा केला, वाढवला. मी तिथे दहा दिवस राहून आलोय. माती, पाणी, ऊन, उपास आणि साधं जेवण. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान (कंबरेपर्यंत पाण्यात बसणं), संध्याकाळी चालणं. मला अपचनासाठी फरक पडला. गुडघ्यासाठी म्हणाल तर तिथून येताना माझं वजन कमी झालं होतं, त्यानेच गुडघा हलका वाटला असावा.

निसर्गोपचाराचीही साडेपाच वर्षांची पदवी असते, बीएनवायएस. पत्राने मिळवलेल्या पदविकेवर बोर्ड लावणारेही आहेत, तेव्हा विचारून घ्या.

घरी मातीची पट्टी करणार असाल तर एक कळकळीची सूचना. आपला जिल्हा द्राक्षांचा. निफाड-दिंडोरीकडची काळी माती छान चिकट असते, पण बागेतली माती आणू नका. तिथे हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. पडीक जागेची, दोन-तीन फूट खोल खणून काढलेली, चाळून कडक उन्हात वाळवलेली माती घ्या. आणि सुजलेल्या, गरम लागणाऱ्या सांध्यावर गार पट्टी बरी वाटते. अण्णांचा गुडघा थंडीत आखडतो त्या प्रकारचा असेल, तर त्याला शेकच लागेल.

इगतपुरीचा पाऊस

आईंच्या झोपेबद्दल कोणी बोललं नाही. मी बोलते.

मला अडीच वर्षं झोप नव्हती. इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर केलं. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी सुरू केलेलं हे केंद्र, १९७६ पासून तिथे शिबिरं होतात. पहाटे चारला घंटा, दिवसाला साधारण दहा तास बसणं, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, मोबाइल जमा. फी नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. पहिले तीन दिवस मी रोज मनात पिशवी भरत होते. चौथ्या दिवसानंतर काहीतरी सैल झालं. बाहेर डोंगरावर धुकं आणि पत्र्यावर पाऊस, तो आवाज अजून कानात आहे.

झोप लगेच आली का? नाही. पण झोप न येण्याची भीती गेली, आणि काही महिन्यांनी झोप आली. मात्र आईंना नैराश्याचा किंवा मनाचा काही गंभीर आजार असेल, त्याच्या गोळ्या असतील, तर अर्जात खरं लिहा. अशा वेळी ते स्वतःच थांबायला सांगतात आणि ते योग्य आहे. थायरॉइड तपासलंत का? माझ्या बहिणीची झोप त्याने गेली होती.

एकदम दहा दिवस नको वाटत असतील तर नाशिकमध्येच योगाचा वर्ग बघा. योगाचार्य विश्वास मंडलिकांनी १९७८ साली योग विद्या धाम सुरू केलं, त्र्यंबक रस्त्यावर तळवाड्याला गुरुकुल आहे. योगाच्या कामासाठी त्यांना २०१८ चा पंतप्रधानांचा पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे शिकून तयार झालेले शिक्षक गावभर आहेत. शिक्षकांना आधीच सांगा की अण्णांना वज्रासन आणि मांडी नको, खुर्चीवरची आसनं हवीत.

पहाटफेरी

अनुमोदन. आणि चालणं, ज्याला एक पैसा लागत नाही. गोल्फ क्लबचं मैदान, कृषीनगरचा ट्रॅक. सपाट मातीवर चाला. पांडवलेणीच्या पायऱ्या अण्णांना इतक्यात नकोत, उतरताना गुडघ्यावर फार ताण येतो. मन रमवायचं असेल तर सातपूरच्या फाशीच्या डोंगरावरची देवराई दाखवा, इथलीच झाडं लावून ओसाड डोंगर हिरवा केलाय नाशिककरांनी.

गोदाकाठ

श्रावण सुरू झाला, म्हणून सांगायला आले.

गणेशवाडीला दाखवलं. वैद्यांनी रिपोर्ट बघितले, हाडांच्या डॉक्टरांचा कागद मागून घेतला, मगच आठ दिवसांची योगबस्ती आणि जानुबस्ती ठरवली. पथ्य लिहून दिलं. बीपीच्या गोळीला कोणी हात लावला नाही. ज्येष्ठमध बंद केल्यावर तीन आठवड्यांनी बीपी मोजलं, आधीपेक्षा खाली आहे. कारण तेच की चालणं, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. यकृताची तपासणी ठीक आली.

अण्णांचं वजन तीन किलो उतरलंय. सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरायचे, आता धरत नाहीत. जिना अजून दुखतोच. रोज संध्याकाळी आई त्यांच्या गुडघ्यांना तीळतेल लावते आणि ते तिला प्रेसमधल्या गोष्टी सांगतात. मी ऐकलेल्या आणि न ऐकलेल्याही. आईच्या थायरॉइडमध्ये खरंच गडबड निघाली, गोळी सुरू झाली. परवा रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात अंधार होता. मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले.

सिडकोवासी, मावशींना नमस्कार सांगा. आमच्या गल्लीतल्या एका काकूंकडे तशाच बिननावाच्या पुड्या होत्या. त्यांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेले.

डोंगरदेव सर, बुधवारी करटुली मिळाली, विकणाऱ्या मावशी हरसूलच्या होत्या. बी काढू नको, तशीच तेलावर परतून घे म्हणाल्या. तुमच्याकडची नवी नागली आणि वरई कधी निघते? दहा-दहा किलो हवी आहे, आमच्या इमारतीतली आणखी चार घरं तयार आहेत. गटाच्या ताईंना जो भाव परवडतो तोच सांगा.

डोंगरदेव

दिवाळीच्या आगेमागे निघेल ताई. यंदा लावणी चांगली झालीय. गटातल्या बायकांना विचारून भाव इथेच लिहितो.